हिला तर विचारलं होतं : गंगाखेडकडचं एक प्रकरण

आधी प्रकरण काय ते सांगते, हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीकडं मग येते. नावं देत नाही, बारीकसारीक दोन गोष्टी बदलल्यात, ओळखणारे ओळखतीलच पण ते जाऊ द्या.

मुलगी 24 वर्षांची. सासर गंगाखेड तालुक्यातलं खेडं, माहेर गंगाखेडातच. बारावीचा निकाल लागला त्याच उन्हाळ्यात लग्न, आता चार वर्षांची पोरगी. नवरा परभणीहून मोटरसायकलवर येताना अपघातात गेला, ऐन पेरणीच्या दिवसात. घरात सासू, सासरे आणि एक धाकटा दीर, 22 चा, चाकणला कंपनीत कंत्राटावर. भावाभावांची वाटणी आधीच झालेली होती त्यामुळं नवऱ्याच्या नावावर 3 एकर स्वतंत्र सातबारा. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतनं 2 लाख तिच्या खात्यावर आले. आणि संक्रांत झाली तसं सासरच्यांनी काढलं की धाकट्याशीच लावून देऊ. पोरगी घरातच राहील, हिलाबी आधार, जमीन कुठं जायची नाही, आणि लोकं नावं ठेवायची नाहीत. तिच्या बापाला तर हायसंच वाटलं. घरी अजून एक बहीण लग्नाची, त्यात ही कायमची परत आली तर काय, हा घोर त्याला होताच.

आता यात वाईट काय? हाच प्रश्न आमच्या गटातही बऱ्याच जणींनी विचारला आणि तो रास्तच आहे. विधवेचं लग्न लावून द्यायला घरचेच निघालेत, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ज्यासाठी लोकांनी वाळीत टाकून घेतलं तेच हे. मी स्वतः पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हणलं की बरं झालं, पण तारीख ठरायच्या आधी जमीन कुणाच्या नावावर होणार ते बघा. एवढंच.

गट म्हणजे फार मोठं काही नाही. दुपारची कामं आवरली की वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसतो, दहा-बाराजणी. एक रिटायर बाई आहेत शाळेतल्या, अंगणवाडीच्या ताई, आशाताई, बचत गटाच्या तिघीचौघी, कॉलेजच्या पोरी येतात जातात. एकीनं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, हातात मेथी निवडायला असली तरी चालते. जनाबाईचं गाव आहे, दळता दळता कामाची आणि शब्दाची सांगड घालायला इथल्या बायकांना शिकवावं लागत नाही. तर त्या दिवसांत आम्ही हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ घेतली होती. सगळी नाही वाचली, पुस्तक दांडगं आहे, मी पानं निवडून घेतलेली. ही मुलगी आईबरोबर यायची, पोरीला मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसायची, बोलायची नाही.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हरिभाऊंनी 1890 मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केलं, त्यात ही कादंबरी क्रमशः आली आणि 1893 ला पुस्तक झालं. यमू नावाची मुलगी आपली हकीकत स्वतः सांगते. लहानपणी लग्न, पुण्यातलं मोठं कुटुंब, सासुरवास, मग नवरा रघुनाथराव तिला मुंबईला नेतो, लिहायला वाचायला शिकवतो, आणि थोडे दिवस ती खरंच सुखात असते. मग तो मरतो. परत पुण्याच्या घरात आणली जाते आणि तिथं शंकरमामंजी नावाचा माणूस, वरून धर्म आतून सगळा लबाडीचा कारभार, तिचं जबरदस्तीनं केशवपन करवतो, म्हणजे विधवा म्हणून डोकं भादरवतो. तिचा भाऊ तिच्यावर जीव टाकणारा, नव्या विचाराचा, तरी त्याच्या हातून ते थांबत नाही. पुढं यमूही जाते. बाकी पात्रं, तिची मैत्रीण दुर्गी वगैरे, त्यात आहेत आणि दुर्गीवर खरं तर वेगळंच लिहायला पाहिजे.

ते केशवपनाचं पान वाचून झालं आणि खोलीत कुणी बोलेना. तेव्हा ही पहिल्यांदा बोलली. “मॅडम, तिला कुणी इचारलंच नाही का ओ?” म्हणलं नाही, कशाला विचारतील. तर म्हणे, “मला तर इचारलं होतं. मी हाव म्हणले.”

बाकीच्या जणी पुढं सरकल्या. मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि म्हणलं, कसं विचारलं ते सांग, कोण कुठं बसलं होतं तेवढं सांग. तिनं बरोब्बर सांगितलं, असल्या गोष्टी बायकांच्या डोक्यात फोटोसारख्या राहतात. ओसरीवर मामंजी म्हणजे सासरे, बाजेवर. चुलत सासरे प्लास्टिकच्या खुर्चीवर. तिकडचे अजून दोन माणसं भिंतीला. तिचे दादा म्हणजे वडील खाली सतरंजीच्या कडेला, टोपी मांडीवर काढून ठेवलेली. आत्याबाई म्हणजे सासू, माजघराच्या चौकटीत, अर्ध्या आत अर्ध्या बाहेर. ही त्यांच्या मागं, पोरगी खांद्यावर झोपलेली. बोलणं सगळं झालेलं होतं, चहा पण झालेला, बशा उचलायच्या राहिल्या होत्या. मग चुलत सासरे आत बघून म्हणले, “काय गं बाई, तुझं काय म्हणणं हाय? पुन्हा म्हणशील इचारलं न्हाई.” ती म्हणाली, “तुमी म्हणताल तसं.” झालं. दुसऱ्या दिवशी सगळ्या भावकीत झालं की पोरीनं हाव म्हणलंय.

माझं सगळं म्हणणं या एका वाक्याभोवती आहे, “पुन्हा म्हणशील विचारलं नाही”. यमूच्या घरात विचारायची गरजच नव्हती, शास्त्र होतं, घराण्याची अब्रू होती, वडीलधाऱ्यांचा हुकूम होता. आपल्याकडं आता विचारावं लागतं, काळ बदललाय, पोलीस आहेत, मोबाइल आहे, पोरी शिकल्यात. मग विचारणं हाच एक विधी करून टाकलाय, अक्षता टाकायच्या आधी जसं सुपारी फोडतात तसा. सगळं ठरवून, चहा पिऊन, शेवटी विचारायचं. आणि ती ‘हाव’ म्हणली की ते तिच्याच अंगावर राहतं, उद्या काही वाकडं झालं तर तूच तर म्हणली होतीस.

रिटायर बाईंना हे पटलं नाही आणि त्यांचा मुद्दा सोडून द्यावा असा नाही. त्या म्हणाल्या, तुमची ती कादंबरी पुण्याच्या ब्राह्मण घरातली, आपल्याकडं केशवपन कुणाचं झालंय? कुणब्या-धनगराच्या घरात बाई विधवा झाली तर मोहतूर लावत होते, पाट लावत होते, म्हणजे तिचं दुसरं लग्नच, ते काय आता निघालंय का. खरंय. केशवपन ही वरच्या जातींची गोष्ट होती, आणि ज्या 1890 साली यमूची गोष्ट छापून येत होती त्याच साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकारानं न्हाव्यांनी ठरवलं होतं की विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही. आणखी एक गोष्ट मी त्यात घातली, की आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. 1891 चा संमतिवयाचा कायदा ज्यावरून पुण्यात एवढा गदारोळ झाला, 1929 चा बालविवाहाविरुद्धचा सारडा कायदा, हे सगळं इंग्रजी मुलखातलं. आपल्याकडं 17 सप्टेंबर 1948 पर्यंत वेगळाच कारभार. त्यामुळं यमूचं दुःख जसंच्या तसं इकडं आणून चिकटवायचं नाही हे मलाही मान्य. पण मोहतूर होता म्हणून बाईला मोकळीक होती असं जे आपण छाती फुगवून सांगतो तेही अर्धंच. मोहतूर कुणाशी, कधी, आणि आधीच्या नवऱ्याच्या वावराचं काय, हे ओसरीवरच ठरायचं. 1856 चा विधवा विवाहाचा जो कायदा आपण एवढा मोठा मानतो त्यात सुद्धा कलम होतंच की बाईनं पुन्हा लग्न केलं की आधीच्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा तिचा हक्क गेला. लग्न कर, पण रिकाम्या हातानं कर. आमच्या या मुलीचे चुलत सासरे आजही हेच बोलत होते, “दुसरं घर केलं की वावर सुटलं”, आणि त्यांना 1856 चं काही माहीत असायचं कारण नाही.

गटात एक-दोघी म्हणल्या पोलिसात जाऊ, महिला कक्षात जाऊ. मी नाही म्हणलं. कशाची तक्रार करायची? मारलं नाही, कोंडलं नाही, हाकललं नाही. शंकरमामंजी शोधत बसलं की आपलं काम चुकतं, इथं तसा कुणी नव्हताच. सासरे पोराच्या दुःखात अर्धे झालेले, त्यांना खरंच वाटत होतं की आपण सुनेचं भलं करायलोय. म्हणून ठरलं ते एवढंच, की तिला हो म्हण किंवा नाही म्हण असं कुणी शिकवायचं नाही, कागद काय म्हणतो ते आधी बघायचं. तालुका विधी सेवा समितीत बायकांना वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो, 1987 च्या कायद्यानंच. तिथल्या वकील ताईंकडं ती, तिची आई आणि अंगणवाडीच्या ताई गेल्या.

तिथं जे कळलं ते सगळ्यांनीच नीट वाचा, कारण हे घरोघर लागतं.

नवरा मृत्युपत्र न करता गेला, तर 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं त्याचे पहिल्या वर्गातले वारस म्हणजे बायको, लेकरं आणि आई. बाप त्यात येत नाही. म्हणजे 3 एकरात हिचा 1, पोरीचा 1 आणि सासूचा 1. सासऱ्यांचा नाही, दिराचा तर नाहीच नाही. दुसरं लग्न केलं, कुणाशीही केलं, तरी नवऱ्याच्या मृत्यूनंतर तिला मिळालेला हिस्सा जात नाही. पोरगी अज्ञान म्हणून तिच्या नावापुढं पालक आईच, आणि पोरीचा हिस्सा विकायचा तर कोर्टाची परवानगी लागते, आजोबांच्या सहीनं होत नाही. इथपर्यंत निदान आम्हाला अंदाज होता.

पुढचं नव्हतं. वकील ताईंनी विचारलं, धाकट्या दिराशी लग्न लावायची तुमच्या समाजात जुनी रीत आहे का? म्हणजे गावात दोन-चार झाली असं नाही, पिढ्यानपिढ्या सलग चालत आलेली, साक्षीपुराव्यानं दाखवता येईल अशी. कारण 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात भावाची बायको, म्हणजे विधवा झालेली सुद्धा, निषिद्ध नात्यात धरली आहे. रूढी असेल तरच चालतं, नसेल तर ते लग्न कायद्यानं शून्य. याचा अर्थ लोकांच्या डोक्यात लवकर शिरत नाही म्हणून उलगडून सांगते. उद्या रीत सिद्ध झाली नाही आणि दिरानं पाच वर्षांनी दुसरी केली, तर ही कायद्यानं त्याची बायकोच नव्हती. आणि तोपर्यंत जमीन त्याच्या नावावर लिहून दिलेली असेल. कारण ओसरीवर अजून एक गोष्ट ठरली होती जी हिला सांगितलीच नव्हती, हिच्या आईला भावकीतल्या एकीकडून कळली. लग्नाच्या आधी हिनं आणि सासूनं दोघींनी हक्कसोड पत्र, म्हणजे आपला हिस्सा सोडला असं लिहून द्यायचं, दिराच्या नावानं. “घरातल्या घरातच तर आहे.”

ते ऐकून ती रडली वगैरे नाही, तिनं वकील ताईंना विचारलं, वारस नोंदीला कागदं कोणती लागतात. मृत्यूचा दाखला, वारसांची नावं लिहून प्रतिज्ञापत्र, तलाठ्याकडं अर्ज, मग फेरफार म्हणजे नावं बदलायची नोंद, सगळ्यांना नोटीस, 15 दिवसांत हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी मंजूर करतात. हे तिनं वहीत लिहून घेतलं, बचत गटाच्या हिशोबाच्या वहीत, मागच्या पानावर.

आता सासूबाई. मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त बघण्यासारखं हेच वाटतं आणि कादंबरीतही मी यमूच्या सासरच्या बायकांकडंच जास्त बघते. घरातलं कडक वागणं बायकांच्या हातून होतं, हुकूम दुसऱ्याचा असतो. इथंही तेच, लग्नाला सगळ्यात मोठ्यानं होकार आत्याबाईंचाच होता. नोंदीची नोटीस घरी आली तेव्हा घरात आग लागल्यासारखं झालं, सासरे म्हणले सुनेनं केस केली. केस नव्हती ती, नोटीस होती, पण खेड्यात सरकारी कागद म्हणजे केस. दोन दिवस कुणी तिच्याशी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी आत्याबाईंनी तिला चुलीपाशी गाठलं आणि कागद पुढं धरला. त्यांना वाचता येत नाही. “यात माजंबी नाव हाय म्हनत्यात, कामून?” हिनं बोट ठेवून दाखवलं, आत्याबाई, हे तुमचं, हे माझं, हे पोरीचं. “माजं कशाला?” तुमच्या लेकाचं होतं म्हणून तुमचं. एक एकर. “कुनी दिलं?” कुणी दिलं नाही, हायेच.

ही म्हणते त्या बराच वेळ कागद हातात धरून बसल्या, मग घडी घालून पदराला बांधला. चाळीस वर्षं त्या वावरात खुरपणी, वेचणी केलेली बाई, लग्नात अंगावर आलेलं सोनं सुद्धा कधीचंच मोडलेलं, स्वतःच्या नावाचा एक कागद आधार कार्ड आणि रेशन सोडलं तर पहिल्यांदा बघितलेला. त्यानंतर सासऱ्यांनी हक्कसोडीचा विषय काढला तर म्हणल्या, “सही बिही काय करत नसते मी, माज्या लेकाचं हाय ते.” सुनेची बाजू घेतली असं मी म्हणणार नाही, त्यांनी स्वतःचीच घेतली, पण एकीची सही अडली की दोघींची अडली.

आणि दीर. गंमत बघा, एवढ्या सगळ्यात त्याला कुणी विचारलंच नव्हतं. त्याला तर विधीपुरतंही नाही, फोन करून सांगितलं होतं की असं असं ठरलंय, सुट्टी टाक. हिनंच फोन केला त्याला, नोटीस आल्यावर, म्हणाली भाऊजी तुमच्या मनात काय आहे ते मला सांगा, बाकी कुणाला सांगू नका. तो म्हणे बराच वेळ गप्प, मागनं मशीनचा आवाज येत होता, मग म्हणला, “वहिनी, तुमी मला शाळंत सोडायला येत होता गाडीवर दादासंगं. मला कसं तरी होतंय.” आता यात दुष्ट कोण? कोणीच नाही. बाविशीतल्या पोराच्या गळ्यात चार वर्षांचं लेकरू आणि भावाचं घर टाकायला निघालेले, आणि तो पण हो म्हणणारच होता, कारण नाही म्हणायला जागा कुठं होती. बाप म्हणला म्हणजे झालं, हे पोरांनाही लागू आहे, आपण ते फारसं बोलत नाही.

उन्हाळ्यात फेरफार मंजूर झाला, हरकत कुणी घेतली नाही. सासऱ्यांनी घ्यायची तयारी केली होती, चुलत सासरे अर्ज लिहून सुद्धा आणले होते, पण आत्याबाई म्हणल्या माझ्या नावावर हरकत घेता का, आणि ते तिथंच राहिलं. सातबारावर आता तिघींची नावं आहेत. 2 लाखातले दीड तिनं पोरीच्या नावानं बँकेत टाकलेत, उरलेल्यात बियाणं, खत आणि एक शिलाई मशीन. ती सासरीच राहते. वावर सासरेच बघतात, बटईनं म्हणजे पिकातल्या वाट्यावर, आणि हे त्यांना जड गेलं, स्वतःच्या घरच्या वावरात बटईदार होणं, पण सोयाबीन त्यांनीच पेरली. दिराशी लग्नाचं बारगळलं. दुसरं लग्न करायचं का, कधी, ते ती म्हणते पोरगी शाळेत जाऊ द्या मग बघू, आणि यावर आम्ही गटात कुणी काही बोलत नाही.

रिटायर बाई अजून म्हणतात की तुम्ही घर फोडलं. माझं उत्तर एकच, घर त्याच ओसरीवर आहे, चूल एकच आहे, कागदावर नावं आली म्हणून फुटलं असेल तर ते आधी कशावर उभं होतं? आणि दुसऱ्या बाजूनं शहरातली एक मैत्रीण म्हणाली की अर्धंच झालं, तिनं तिथून बाहेर पडायला पाहिजे होतं. तिला मी विचारलं, बाहेर म्हणजे कुठं? बापाच्या दोन खोल्यांत, लग्नाच्या बहिणीशेजारी? यमूचं वाचून आपल्याला वाटतं की सुटका म्हणजे पुणं सोडून मुंबई. पण यमूला मुंबई नवऱ्यामुळं मिळाली होती, नवरा गेला तशी मुंबई गेली. हिच्याजवळ निदान एक एकर आहे, ते कुणामुळं नाही. 2022 साली कोल्हापूरकडच्या हेरवाडनं विधवा प्रथा बंदीचा ठराव केला, शासनानं बाकी गावांना तोच कित्ता गिरवा म्हणून परिपत्रक काढलं, चांगलंच झालं, पण तो ठराव बांगड्या-कुंकवाबद्दल होता. आमच्याकडं संक्रांतीला हिला वाण द्यायला बायका तयार होत्या, वारस नोंदीला तलाठ्याकडं सोबत चल म्हणलं की निम्म्या जणींना त्या दिवशी काम निघायचं.

सध्या त्या घरात नवीन हालचाल अशी आहे की दिराला बाहेरची मुलगी बघायलेत. जिंतूरकडची एक आली आहे. पोरगी दहावी करून घरी बसलेली, बाप ऊसतोडीला जाणारा, कारखान्याला जायच्या आधी उरकून टाकू म्हणतोय, वय विचारलं तर “झालं की अठरा” एवढंच. परभणी जिल्ह्यात 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी जवळजवळ 48 टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं होतं, सगळ्या राज्याचं तेच 22 च्या आसपास, त्यामुळं “झालं की” याला आमच्याकडं काही अर्थ नसतो. बोलणी त्याच ओसरीवर झाली. या वेळी ही चौकटीच्या मागं नव्हती, चहा घेऊन बाहेर आली आणि ट्रे हातातच धरून मुलीच्या बापाला म्हणाली, “काका, टीसी आणलाय का? आधी जन्मतारीख बघू.” चुलत सासरे चिडले, तुला कुणी इचारलंय का म्हणून. आत्याबाई आतून म्हणल्या, दाखवा की मग, काय झालं दाखवायला. टीसी आणलेला नव्हता. पुढच्या रविवारी घेऊन येतो म्हणालेत, आणि अंगणवाडीच्या ताईंनी ग्रामसेवकाच्या कानावर घालून ठेवलंय.